पक्ष्यांचं वर्ष, माणसांची कामं

सप्टेंबर सरत आला आणि पावसाची झड ओसरली, की ओल्या गच्चीवर किंवा शाळेच्या मैदानातल्या डबक्याकाठी एक सडपातळ पक्षी तुरुतुरु चालताना दिसू लागतो. पाठ करडी, पोटाखाली पिवळी झाक, आणि लांब शेपटी सारखी खालीवर. हा करडा धोबी. काही भागांत त्याला परीट म्हणतात. हिमालयात आणि त्याच्याही उत्तरेला पिल्लं वाढवून तो इथे उतरतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम करतो. त्याला पाहायला अभयारण्यात जावं लागत नाही. नाला, गळकी पाण्याची टाकी, बागेतला हिरवळीचा तुकडा एवढं त्याला पुरतं.

पक्ष्यांसाठी काहीतरी करावं असं वाटणारी माणसं आज गावोगाव आहेत. कुणी उन्हाळ्यात पाणी ठेवतं, कुणी झाडं लावतं, कुणी खाली पडलेलं पिल्लू घरी आणतं. अडचण बहुतेक वेळा हंगाम आणि जागा चुकण्याची असते. चांगल्या मनाने लावलेलं झाड माळरानावर नुकसान करतं, आणि प्रेमाने उचललेलं पिल्लू आईबापांपासून तुटतं. म्हणून कोणता पक्षी कोणत्या महिन्यात कुठे असतो आणि तिथे काय करत असतो, एवढं आधी समजून घेतलं तर पुढची कामं आपोआप ठरतात.

सुरुवात पाहुण्यांच्या आगमनापासून करावी. सगळे एकदम येत नाहीत. भोरड्या, म्हणजे गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या पळसमैना, ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच थव्याने हजर होतात. तुतवार आणि धोबी त्यांच्या मागोमाग. तलवार बदक, थापट्या, भुवई बदक, चक्रवाक यांची गर्दी दिवाळीनंतर वाढते. पट्टकादंब हे हंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. उपग्रहाशी जोडलेली यंत्रं लावून त्यांचा माग काढला, तेव्हा सात हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवरून ते उडाल्याची नोंद मिळाली. उजनी आणि जायकवाडीच्या काठावर हरभऱ्याच्या गाळपेर शेतात चरणारा हा पक्षी एवढा पल्ला मारून आलेला असतो.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात लोणावळ्याच्या आसपास माळावर आणि तारांवर लहानसे ससाणे दिसले तर नीट पाहावं. ते अमूर ससाणे असू शकतात. ईशान्य आशियातून निघून ते नागालँड-मणिपूरमध्ये थांबतात, मग भारत ओलांडून अरबी समुद्रावरून आफ्रिकेकडे जातात. वाटेत उडत्या वाळवीवर आणि चतुरांवर त्यांचं पोट भरतं. २०१२ साली नागालँडमधल्या दोयांग जलाशयाजवळ हे ससाणे जाळ्यांत पकडून मोठ्या संख्येने मारले जात असल्याचं उघड झालं. पुढच्याच वर्षी पांगती आणि शेजारच्या गावांनी शिकार थांबवली. गावाने ठरवलं की एका हंगामात किती फरक पडतो, याचं इतकं ठळक उदाहरण भारतात दुसरं शोधावं लागेल.

नव्याने पक्षी पाहू लागणाऱ्यांसाठी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा सोयीचा. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अली यांचा. महाराष्ट्रात हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो आणि गावोगावी फेऱ्या निघतात. दुर्बीण घ्यायची झाल्यास ८ बाय ४२ ची घ्यावी. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जास्त पटीची दुर्बीण हातात हलते आणि नवख्याला पक्षीच सापडत नाही. दुर्बिणीपेक्षाही वहीचा उपयोग जास्त होतो. तारीख, वेळ, जागा, पक्षी, संख्या आणि तो काय करत होता, एवढं लिहिलं तरी पुरे. दरवर्षी दिसणारा पक्षी यंदा दिसला नाही, तर तेही लिहावं. घट लक्षात येते ती अशाच नोंदींतून.

पायात कडी किंवा रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसला, तर फोटो घेऊन कोणत्या पायात, कोणत्या रंगाची, वर की खाली, हे टिपून ठेवावं आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावं. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेने देशभरात पक्ष्यांना कडी घालण्याचं काम अनेक दशकं केलं आहे. एका माणसाने पाहिलेली एक पट्टी दोन देशांमधला मार्ग जोडून देते.

हिवाळ्यातल्या सहलींची दोन नावं सगळ्यांच्या तोंडी असतात. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचं नांदूर मध्यमेश्वर, आणि उजनी धरणाच्या फुगवट्यावरचं भिगवण. नांदूर मध्यमेश्वर २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. त्याच वर्षी लोणार सरोवर आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी त्या यादीत आली. भिगवणजवळ कुंभारगाव आणि डिकसळचे मच्छीमार नाव चालवून पक्षी दाखवतात. या कुटुंबांना पाण्याची खडान्‌खडा माहिती असते आणि पक्षी टिकण्यात त्यांचं पोटही गुंतलेलं असतं. अशा नावाड्याबरोबर जाणं कधीही चांगलं.

पण तिथेच एक वाईट सवय रुजली आहे. थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून पर्यटक नाव थव्यात घालायला सांगतात, आणि जास्तीचे पैसे देतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये हे विशेष नुकसानीचं ठरतं. परतीच्या प्रवासाआधी चिखलपक्षी आणि बदकं भरपूर खाऊन अंगावर चरबी साठवतात. वाटेत हीच त्यांची शिदोरी. दर वेळी उडवलं की खाण्याचा वेळ जातो आणि साठवलेली चरबीही खर्च होते. नावेत बसण्याआधीच नावाड्याला सांगावं, ‘दादा, पक्षी उडवायचे नाहीत, लांबूनच बघू.’ पैसे तेवढेच द्यावेत. मागणी बदलली की धंद्याची रीत बदलते.

कुरव पक्ष्यांना शेव, गाठ्या, पाव टाकण्याचंही तसंच. ते झेप घेऊन खातात, फोटो छान येतो, मुलं हरखतात. मीठ आणि तेलात घोळलेलं पीठ मासे खाणाऱ्या पक्ष्याचं अन्न नाही. शिवाय एका जागी गर्दी झाली की रोग पसरायला वाट मिळते. कुरवांना काहीही टाकू नये.

रोहित, म्हणजे अग्निपंख किंवा फ्लेमिंगो, पाहायला जाणाऱ्यांनी पाण्याची पातळी समजून घ्यावी. उजनी पावसाळ्यात काठोकाठ भरतं. तेव्हा रोहितांना उथळ चिखल मिळत नाही. पाणी उतरू लागलं की गाळ उघडा पडतो आणि रोहित त्यात चोच उलटी बुडवून खाणं गाळू लागतात. म्हणून भरपूर पावसाच्या वर्षी ते तिथे उशिरा दिसतात. ‘यंदा फ्लेमिंगो आलेच नाहीत’ असं डिसेंबरमध्ये म्हणण्यात अर्थ नसतो.

ठाणे खाडीत हाच हिशेब दिवसातून दोनदा होतो. ओहोटीला चिखलपट्टा उघडा पडतो, तेव्हा रोहित तिथे चरतात. भरतीचं पाणी चढलं की त्यांना उभं राहायला दुसरी उथळ जागा लागते. ही जागा म्हणजे नवी मुंबई-उरण भागातली खाजणं, तळी, जुनी मिठागरं. उधाणाच्या भरतीत तर चिखलाचा कणही उरत नाही. खाडी १६९० हेक्टरांचं फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून २०१५ मध्ये जाहीर झाली, ही मोठी गोष्ट. मात्र भरतीच्या वेळच्या या तळ्यांवर भराव पडला किंवा त्यात येणारं खाडीचं पाणी अडलं, तर अभयारण्य कागदावर शाबूत राहूनही पक्ष्यांची सोय अर्धी होते. जेवायला ताट आहे आणि बसायला जागा नाही, अशी ती गत. नेरूळच्या तळ्यासाठी तिथल्या रहिवाशांनी आवाज उठवला तो याचमुळे. पाणी येण्या-जाण्याचा मार्ग बुजला की तळं साचतं, शेवाळ धरतं, आणि रोहित दूर जातात. मे २०२४ मध्ये घाटकोपरच्या आकाशात उतरणाऱ्या प्रवासी विमानाची थव्याला धडक बसून तीन डझनांहून अधिक रोहित मेले. एका बाजूच्या जागा आक्रसत असताना थवे कोणत्या वाटेने, कोणत्या वेळी फिरतात याचा विचार शहराच्या प्रत्येक नव्या आराखड्यात व्हायला हवा.

खाडीवर जाण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहावं. पूर्ण ओहोटीला पक्षी फार लांब असतात, पूर्ण भरतीला निघून गेलेले असतात. मधली वेळ साधावी. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून नावेच्या फेऱ्या सुटतात, त्याही पाण्याच्या वेळेवरच ठरतात.

पाणवठ्यांना निदान प्रसिद्धी मिळते. माळरानाला तीही नाही. सातबाऱ्यावर पडीक, लोकांच्या लेखी ओसाड. सोलापूर, नगर, पुण्याच्या पूर्वेकडचे तालुके, इथल्या गवताळ माळांवर हिवाळ्यात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी उतरतात. मध्य आशियातल्या, कझाकस्तानातल्या गवताळ मैदानांत त्यांची वीण होते. इथे दिवसभर ते गवताच्या टोकांवरून संथ गिरक्या घेत टोळ, उंदीर, लहान पक्षी टिपतात आणि संध्याकाळी एकत्र जमून जमिनीवर, गवतातच झोपतात. झाडावर झोपत नाहीत. त्या गवताला डिसेंबरमध्ये कुणी काडी लावली, तर त्यांचा निवारा आणि खाणं दोन्ही एका रात्रीत जातं. ‘जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं’ हा समज अजून पक्का आहे. गवत कापून चारा करणं याहून कितीतरी फायद्याचं.

वृक्षारोपणाच्या उत्साही मंडळींनीही इथे जरा थांबावं. चंडोल, धाविक, टिटवी, माळढोक हे सगळे उघड्या जमिनीवर अंडी घालणारे पक्षी. माळावर झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या की कावळ्यांना आणि शिकारी पक्ष्यांना टेहळणीची जागा मिळते आणि जमिनीवरच्या अंड्यांचा टिकाव लागत नाही. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य आहे, तरी तो पक्षी महाराष्ट्रातून जवळपास गेला. साऱ्या देशात उरलेत तेही दीडशेच्या आत. जड अंगाच्या या पक्ष्याला समोरच्या विजेच्या तारा वेळेत दिसत नाहीत, हे त्याच्या मरणाचं एक मोठं कारण. झाडं जरूर लावावीत, पण गावठाणात, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी, उजाड झालेल्या जंगलात. गवताचा माळ गवताचाच राहू द्यावा.

ज्वारीच्या पट्ट्यात भोरड्यांचा प्रश्न वेगळा असतो. हुरड्याच्या दिवसांत त्यांचा थवा शेतावर बसला की कणसं रिकामी होतात. शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफण फिरवतो, डबे बडवतो, आणि ते त्याने करावंच. विष टाकणं मात्र टाळावं. याच भोरड्या टोळ आणि नाकतोडे फस्त करतात, मध्य आशियात तर त्यासाठीच त्यांचं स्वागत होतं. फेब्रुवारीत पळस, पांगारा, सावर फुलली की त्या मकरंदावर जातात आणि तोंडं परागांनी माखून घेतात. बांधावर पळस-पांगारा राखला तर थव्याला शेताबाहेर काही काळ अन्न मिळतं आणि झाडाला परागीभवन.

जानेवारीचा दुसरा आठवडा पक्ष्यांना सर्वांत जड जातो, आणि इथे वाचकांच्या हातात खूप काही आहे. हिवाळी पाहुणे पूर्ण संख्येने आलेले असतात आणि संक्रांतीचे पतंग त्याच वेळी आकाशात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉनच्या आणि इतर कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली. तरी तो विकला जातो, कारण घेणारे असतात. साध्या सुती दोऱ्याने पतंग उडतो. पहाटे थवे रात्रीच्या मुक्कामावरून निघतात आणि संध्याकाळी परततात, त्या दोन्ही वेळी पतंग खाली ठेवावेत.

मांज्यात अडकलेला पक्षी सापडला तर दोरा ओढायचा नाही, कारण तो पंखाच्या मांसात रुतलेला असतो. दोन्ही बाजूंनी कात्रीने कापावा, जखमेजवळचा तुकडा तसाच राहू द्यावा. पक्ष्याच्या डोक्यावरून हलकं सुती फडकं टाकावं, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवून अंधाऱ्या शांत जागी न्यावं, चोचीत पाणी ओतू नये. ते श्वासनळीत जाऊन तो गुदमरतो. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. सणानंतरचं काम बहुतेक ठिकाणी राहून जातं. झाडांवर लोंबणारा मांजा पुढे कित्येक महिने जीव घेत राहतो. सोसायटीच्या आणि शाळेच्या आवारातला मांजा १६ जानेवारीलाच उतरवावा. विजेच्या तारांवरचा काढायला मात्र महावितरणच्या माणसांनाच बोलवावं.

जनावरं पाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट बारमाही. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. देशातली गिधाडं याच एका औषधामुळे काही वर्षांत लाखोंनी गेली. २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे. डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅमच मागावं, ते गिधाडांना सुरक्षित आहे.

एप्रिल उजाडला की पाहुणे परततात आणि इथल्या पक्ष्यांचा संसार सुरू होतो. पाणी ठेवायचं ते पसरट मातीच्या परळात, दोन-तीन बोटं खोल, आत एखादा दगड, म्हणजे चिमणीलाही उभं राहता येतं. सावलीत, पण मांजराला दबा धरता येणार नाही अशा मोकळ्या जागी. रोज भांडं घासून पाणी बदलावं. शिळ्या पाण्यात डास होतात आणि पक्ष्यांना आजारही.

याच दिवसांत पिल्लं जमिनीवर दिसतात. पिसं फुटलेलं, उड्या मारणारं पिल्लू बहुधा उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळच असतात. त्याला जवळच्या फांदीवर ठेवून लांब जावं, एवढंच. पिसं नसलेलं पिल्लू घरट्यातून पडलेलं असतं. घरटं सापडलं तर परत ठेवावं. माणसाचा हात लागल्यावर आई घेत नाही, हे खरं नाही.

पावसाळ्यापूर्वीची झाडांची छाटणीही नेमकी याच काळात होते. इंदापूरच्या तहसील कार्यालयाच्या आवारात चिंचेच्या झाडांवर चित्रबलाकांची घरटी आहेत. सरकारी कचेरीत येणारी-जाणारी माणसं आणि डोक्यावर ते मोठे बगळ्यांसारखे पक्षी, दोघांचं नीट चाललेलं असतं. प्रत्येक गावात एवढं जमत नाही. मे ते ऑगस्ट या काळात कावळे, बगळे, वंचक यांची घरटी असलेल्या फांद्या सरसकट तोडल्या जातात आणि पिल्लांचा खच पडतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना इजा करणं हेही शिकारीतच मोडतं. म्हणून छाटणीचा अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत करावा. ऐन वेळी आलीच, तर घरटी असलेल्या फांद्यांचे फोटो काढून वृक्ष अधिकाऱ्यांना लेखी द्यावं आणि धोकादायक तेवढीच फांदी काढायला लावावी.

जूनमध्ये पुन्हा एकदा पाहुणे येतात, आणि ते सहसा विसरले जातात. आफ्रिकेकडून पावसाच्या ढगांबरोबर चातक येतो आणि सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो. कोकणात आणि घाटाच्या पायथ्याशी नवरंग आणि तिबोटी खंड्या दिसू लागतात. चिमणीएवढा तिबोटी खंड्या ओढ्याकाठच्या मातीच्या भिंतीत बोगदा खणून घरटं करतो. दोन्ही पक्षी रात्री प्रवास करतात आणि दिव्यांनी उजळलेल्या काचांवर आपटतात. सकाळी बाल्कनीत निळा-हिरवा पक्षी निपचित पडलेला आढळला, तर त्याला खोक्यात अंधारात तासभर ठेवावं. बहुतेक वेळा तो सावरतो. मग जवळच्या झाडीत सोडावं. काचेच्या बाहेरून दोन-दोन इंचांवर पट्ट्या किंवा ठिपके लावले तर धडका थांबतात. एखादंच ससाण्याचं चित्र चिकटवून फारसा उपयोग होत नाही.

या पक्ष्यांच्या फोटोसाठी बोगद्यासमोर लपणं, मोबाइलवर आवाज वाजवून नराला पुन्हापुन्हा बाहेर काढणं, आडव्या येणाऱ्या फांद्या तोडणं, हे प्रकार वाढले आहेत. आवाज ऐकून नर आपल्या हद्दीत घुसखोर आला म्हणून धावतो, आणि तेवढा वेळ पिल्लांना घास मिळत नाही. घरट्याची जागा समाजमाध्यमांवर टाकूच नये. विणीच्या काळातला घरट्याचा फोटो स्पर्धांनी आणि मासिकांनीही नाकारावा.

आता नोंदींचं. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, ती १९८७ पासून चालू आहे. फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातले पक्षी मोजतात आणि त्यात पंधरा मिनिटांची नोंदही चालते. यात गावाजवळचा पाझर तलाव किंवा गावतळं मोजावं. नांदूर मध्यमेश्वरला मोजणारे पुष्कळ असतात. गावतळ्याचा आकडा कुणाकडेच नसतो, आणि भराव टाकायचा प्रस्ताव येतो तेव्हा ‘इथे काही नव्हतं’ असं लिहून मोकळं होता येतं.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती एकदा भरून कपाटात गेली आहे. ग्रामसेवकांकडे ती मागावी, आपल्या वहीतल्या तारखा आणि संख्या ग्रामसभेत वाचून त्यात चढवून घ्याव्यात आणि ठरावाची प्रत जवळ ठेवावी. पाणवठ्याचा गट क्रमांक, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, काठावर घरट्यांची झाडं कोणती आणि हिवाळ्यात कोणते पक्षी उतरतात, हे चार रकाने आधी भरावेत. बाकीची यादी वर्षागणिक वाढवता येते.